चुकलेली जागल

फोनवर रात्रीचं किमान तापमान ४ अंश दिसत होतं. त्या एका आकड्यावर मी विसंबले, आणि सकाळी माझा सव्वा गुंठा काळा पडलेला होता.

सव्वा गुंठा ही आण्णांची, माझ्या वडिलांची भाषा. इंग्लंडातल्या शेफील्डच्या पश्चिमेला, रिव्हलिन नदीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या एका टेकडीवर मला अ‍ॅलॉटमेंट, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याचा तुकडा मिळाला, तेव्हा करारावर 'पाच रॉड' असं क्षेत्र लिहिलेलं होतं. रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जुनं इंग्रजी माप. मी निफाडला फोन करून आण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ते राहू दे, गुंठ्यात सांग." मग आम्ही दोघांनी फोनवरच हिशोब केला. साडेसोळा दुणे तेहतीस. मोजणीदाराची साखळी ३३ फुटांची, आणि ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा. म्हणजे चार चौरस रॉडांचा बरोबर एक गुंठा होतो, वर बोटभरही उरत नाही. "मग सव्वा गुंठा आला की तुझ्या वाट्याला," आण्णा म्हणाले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या तुकड्याला तेच नाव पडलं. सव्वा गुंठ्यात काय लावलंय, सव्वा गुंठ्याला पाणी झालं का. स्वतःची द्राक्षबाग सांभाळून ते माझ्या वाफ्यांची चौकशी रोज करतात, आणि तितक्याच गांभीर्यानं करतात.

ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांना घरच्या भाजीपाल्यापुरता तुकडा थोड्याशा भाड्यानं द्यायचा, ही इथली जुनी रीत आहे. १९०८ च्या कायद्यानं ती नगरपालिकांवर सोपवली. पूर्ण प्लॉट दहा रॉडांचा, म्हणजे अडीच गुंठ्यांचा. मागणी वाढली तशी अनेक ठिकाणी त्याचे दोन भाग करून देऊ लागले. मी तीन वर्षं यादीत होते. नाव लागलं तेव्हा जो अर्धा तुकडा रिकामा होता तो उताराच्या अगदी तळाला, हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांच्या दाट कुंपणाला टेकलेला निघाला. मला तो फार आवडला. कुंपणामुळे वारा लागणार नाही, वरून झिरपणारी ओल आपल्याकडेच येणार, माती काळी आणि भुसभुशीत. शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माती चांगली आहे, लव्ह. पण तू बशीच्या तळाशी आहेस. थंडी पाण्यासारखी वाहते आणि या कुंपणापाशी येऊन साचते."

ते इथं चाळीस वर्षं भाजी पिकवत आहेत. मी त्यांना नावानंच हाक मारते, इथली पद्धत तशीच आहे. पण मनात ते आजोबाच आहेत. त्यांचं म्हणणं मी ऐकलं होतं. ते मला कळलं मात्र दोन वर्षांनी, त्या सकाळी.

फ्रॉस्टला माझ्याकडे मराठी शब्द नव्हता. लहानपणी हिवाळ्यात वर्तमानपत्रात एक बातमी हमखास यायची, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले. सोबत गवतावरच्या पांढऱ्या थराचा फोटो. आम्हा मुलांना तो फोटो म्हणजे सहलीचं आमंत्रण वाटायचा. त्याच पानावर दुसरी बातमी आमच्या गावाकडची असायची, निफाडचा पारा इतक्या अंशांवर. तो पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा. ती बातमी आमच्याकडे कोणी मोठ्यानं वाचत नसे. डिसेंबर-जानेवारीत द्राक्षाचे मणी फुगायच्या बेताला आलेले असतात, आणि पारा फार उतरला की फुगवण थांबते, मणी तडकतात. आण्णा पेपर घडी घालून ठेवायचे आणि म्हणायचे, "आज जागल आहे."

जागल म्हणजे रात्रीची राखण. हुरड्यात आलेल्या ज्वारीची डुकरांपासून करतात ती, आणि बागेची थंडीपासून करायची ती. ओळींच्या मधे काड्या, पाचट, काटक्यांचे ढीग लावून ठेवायचे आणि पहाटे दोन-तीनच्या सुमाराला ते पेटवायचे. विहिरीचं पाणी सोडायचं, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं आणि ओल्या मातीत दिवसाची ऊब जास्त टिकते. मी नऊ-दहा वर्षांची असेन, आईनं करून दिलेला चहा किटलीतून घेऊन चार वाजता बागेत जायची. मांडवाच्या तारेला एक थर्मामीटर टांगलेला होता. पण आण्णा त्याच्याकडे बघून निर्णय घेत नसत. चप्पल काढून ते उघडा पाय मातीवर ठेवायचे, थोडा वेळ तसेच उभे राहायचे आणि मग सांगायचे, पेटवा किंवा थांबा. मला तेव्हा ते देवाला पाया पडल्यासारखं वाटायचं.

आता त्या दिवसाकडे येते.

त्या वर्षी कोजागरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच आली होती. सव्वा गुंठ्यात सगळं भरात होतं. कुंपणापाशी भोपळ्याचे वेल, निळसर राखाडी सालीच्या 'क्राउन प्रिन्स' जातीची सात फळं धरलेली. बांबूच्या कैचीवर लाल फुलांचा रनर घेवडा. दोन कॉर्जेट, म्हणजे झुकिनी, त्यांच्या पानांवर सप्टेंबरातच भुरी आलेली, तरी फळ देत होती. टोमॅटो अर्धे लाल, अर्धे हिरवे. मक्याची शेवटची चार कणसं. आणि सगळ्याच्या कडेनं झेंडू. झेंडू मी मार्चमध्ये घरातल्या खिडकीत बी टाकून करते, कारण दसऱ्याला दुकानातली शेवंती दाराला लावायचं माझ्या जिवावर येतं. पाच दिवसांपूर्वी दसरा झाला होता. दाराला तोरण झालं, गाडीला हार झाला, आणि तरी झाडांवर इतक्या कळ्या होत्या की दिवाळीची मला काळजी नव्हती.

दुपारी पाणी घालायला गेले तेव्हा आजोबा घेवड्यावर पडदे टाकत होते. खिडक्यांना लावायचे जुने जाळीदार पांढरे पडदे, त्यांच्या बायकोनं कधीतरी शिवलेले, फुलांची किनार असलेले. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ते बांबूला अडकवत होते. म्हणाले, "आज झाकून जा, लव्ह. वारा पडलाय." मी फोन काढून दाखवला, ४ अंश. त्यांनी फोनकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि पुन्हा चिमटे लावायला लागले. मला उशीर होत होता. संध्याकाळी इथल्या मराठी मंडळींकडे कोजागरी होती, दूध आटवायचं माझ्याकडे होतं.

दूध छान झालं. केशर, वेलची, चारोळ्या, जायफळ. कोणाच्या तरी अंगणात आम्ही पंचवीसजण कोट घालून उभे होतो आणि आभाळात एकही ढग नव्हता. इंग्लंडात कोजागरीला चंद्र दिसणं ही नशिबाची गोष्ट, पाच वर्षांतून एखादे वेळी दिसतो. त्यामुळे सगळे हरखले होते. मुलांनी पेल्यात चंद्र पाहिला. एका काकूंनी को जागर्तिची गोष्ट सांगितली, मध्यरात्री लक्ष्मी आभाळातून येते आणि कोण जागं आहे, असं विचारत घरावरून जाते. माझी आजी हीच गोष्ट गच्चीवर सांगायची, आणि आम्ही जागं राहण्यासाठी डोळ्यांना पाणी लावायचो.

साडेदहाला निघालो. गाडीच्या काचेवर बोट फिरवलं तर नखाला पांढरं लागलं. मी किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले. नवरा म्हणाला, "जायचं का प्लॉटवर?" दहा मिनिटांचा रस्ता, फाटकाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. मी म्हणाले, "चार अंश आहे, काही होत नाही."

हे वाक्य मी नंतर फार वेळा आठवलं आहे. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. नखाला लागलं होतं.

सकाळी सव्वासातला मी फाटक उघडलं. सूर्य टेकडीच्या मागे होता. वरच्या प्लॉटवरचं गवत हिरवंच होतं, नुसतं दवानं ओलं. पायवाटेनं खाली उतरू लागले तसतशी हवा गार होत गेली, हे अक्षरशः पावलापावलाला कळत होतं, विहिरीच्या पायऱ्या उतरताना कळतं तसं. साधारण मध्यावर एक रेषा होती. तिच्या वर ओलं, खाली पांढरं. आमच्या कुंपणापाशी सगळंच पांढरं. झेंडूच्या प्रत्येक पाकळीला साखरेचा काठ लावल्यासारखा. भोपळ्याच्या पानांवर शिरा न् शिरा रेखलेली. खरं सांगते, त्या क्षणी ते फार सुंदर दिसत होतं, आणि मला वाटलं की बहुतेक वाचलं आहे. पानं ताठ होती. रंग होता.

मग ऊन आलं. कुंपणाच्या टोकापासून ते हळूहळू आत सरकलं आणि जिथं जिथं पोचलं तिथली पानं अर्ध्या तासात शिजली. मला दुसरा शब्द सापडत नाही. पालकाची जुडी उकळत्या पाण्यात घातली की जशी गडद, पारदर्शक होऊन बसते, तशी ती बसली. वासही तसाच, शिजलेल्या पाल्याचा. घेवड्याची पानं बांबूला फडक्यांसारखी लोंबायला लागली. झेंडूची देठं मऊ होऊन माना खाली पडल्या आणि केशरी रंग दुपारपर्यंत तपकिरी झाला. मी हातमोजे घालून नुसती उभी होते. काय करायचं तेच सुचत नव्हतं. आजोबा आले, त्यांनी काही म्हटलं नाही. त्यांच्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्या हातात दिला.

नंतरच्या दिवसांत मी हे नेमकं कसं घडतं ते वाचत बसले. शोक करण्याची माझी हीच रीत असावी. पहिली गोष्ट कळली ती त्या ४ अंशांची. हवामानखात्याची यंत्रणा तापमान मोजते ते जमिनीपासून १.२५ मीटर उंचीवर, झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत. म्हणजे माझ्या छातीच्या उंचीवर. शांत, निरभ्र रात्री तिथं ४ अंश असताना गवताच्या पात्यावर शून्याच्या खाली असू शकतं. हवामानखातंही हे दोन वेगळे प्रकार मानतं, हवेतला फ्रॉस्ट आणि जमिनीवरचा फ्रॉस्ट. माझा भोपळा जमिनीवर पसरतो, झेंडू गुडघ्याइतका वाढतो. मी आकडा पाहिला तो दुसऱ्याच उंचीवरचा होता. आण्णांचा उघडा पाय मला तेव्हा आठवला.

दुसरी गोष्ट, थंडी 'पडते' असं आपण म्हणतो, पण त्या रात्री वरून काहीच पडलेलं नव्हतं. उलट निघून गेलं होतं. दिवसभर साठवलेली ऊब जमीन आणि पानं रात्री आभाळाकडे सोडत असतात. ढग असले तर ते त्यातला बराचसा भाग परत देतात. वारा असला तर वरची थोडी उबदार हवा खाली मिसळते. दोन्ही नसले की पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं, त्याला टेकलेली हवा गार होते, गार हवा जड असते म्हणून ती उतारानं खाली वाहते. आमच्या टेकडीवरून ती रात्रभर वाहत आली आणि मला ज्याचं इतकं कौतुक होतं त्या दाट कुंपणानं ती अडवून धरली. वेलींवर फडकं टाकता आलं असतं, आणि कुंपणाच्या तळाशी फांद्या छाटून वाट केली असती तर निदान थोडी पुढं निघून गेली असती.

हे सगळं नीट उलगडून सांगितलं ते लंडनमधल्या एका डॉक्टरनं, विल्यम चार्ल्स वेल्स त्याचं नाव. १८१४ साली त्यानं दवावर एक निबंध लिहिला, रॉयल सोसायटीनं त्यासाठी त्याला रम्फर्ड पदक दिलं. लोकरीचे छोटे पुंजके तोलून तो रात्री बागेत ठेवायचा, काही उघड्यावर, काही फळीखाली, आणि सकाळी पुन्हा तोलून कोणावर किती दव साठलं ते पाहायचा. त्यानं कबूल केलंय की माळी लोक नाजूक रोपांवर पातळशी चटई टाकतात हे पाहून तो पूर्वी मनात हसायचा. इतक्या पातळ आवरणानं थंडी कशी अडणार, असं त्याला वाटायचं. मग त्यानं चार बारीक काठ्या गवतात रोवून, सहा इंच उंचीवर एक तलम रुमाल ताणून बसवला. खालचं गवत उघड्या गवतापेक्षा खरोखरच उबदार राहिलं. रुमालानं थंडी अडवली नव्हती, त्यानं फक्त गवत आणि आभाळ यांच्यामध्ये पडदा धरला होता. ज्या माळ्यांना तो हसला होता ते बरोबर होते, हे त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं. मला या माणसाबद्दल फार माया वाटते.

आणि चंद्राचं काय? जगभर बागाईतदारांनी चांदण्याला दोष दिलाय. फ्रान्समधले माळी वसंतातल्या एका चंद्राला तर नावच ठेवून आहेत, त्याच्या उजेडानं कोवळे कोंब लाल पडून मरतात म्हणून. चंद्राचा यात काही हात नसतो. तो लख्ख दिसतो ते आभाळ निरभ्र असतं म्हणून, आणि आभाळ निरभ्र असतं म्हणूनच पानं गारठतात. त्या अंगणात आम्ही पंचवीसजण ज्या गोष्टीनं हरखलो होतो, तीच गोष्ट टेकडीच्या तळाशी माझा झेंडू मारत होती, आणि मी दुधाचा दुसरा पेला भरून घेत होते.

पानाच्या आत काय होतं तेही सांगते, कारण ते कळल्यावर मला त्या काळ्या फडक्यांकडे वेगळ्या नजरेनं बघता आलं. बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या पाण्यात धरतो. तो आतलं पाणी ओढून घेतो, पेशी सुकत जातात, त्यांची आवरणं फाटतात. म्हणून पहाटे पान ताठ दिसतं, बर्फानं त्याला उभं धरलेलं असतं. ऊन आलं की बर्फ वितळतो आणि फाटलेल्या पेशींतला रस बाहेर गळतो. मी सव्वासातला ज्याला वाचलेलं समजत होते ते तोवर गेलेलंच होतं.

माझ्या तुकड्यात मेलेल्या झाडांची यादी पाहिली तर सगळी मूळची अटलांटिकच्या पलीकडची. भोपळा, घेवडा, मका, टोमॅटो, सगळे अमेरिकेच्या उबदार भागातले. झेंडूसुद्धा. ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही, आपल्या दारात तो कायमचाच आहे असं आपण धरून चालतो, तो मूळचा मेक्सिकोचा. या झाडांना गोठायची सवय कधी लागलीच नाही. शेजारी आजोबांचे कोबीच्या जातीचे केल आणि गाजरासारखे पांढरे पार्सनिप त्याच पांढऱ्या रात्रीतून उठून उभे राहिले. ती झाडं थंडी वाढू लागली की आतल्या स्टार्चची साखर करतात, साखरेचं पाणी लवकर गोठत नाही. आजोबा पार्सनिप फ्रॉस्ट पडून गेल्याशिवाय उपटतच नाहीत. त्याआधी गोडी येत नाही, म्हणतात. गोडी हा शब्द ऐकून मला आमची गोडी छाटणी आठवली, द्राक्षाला फळ धरावं म्हणून करतात ती. आण्णांकडे तेव्हा तीच चालू होती, आणि त्यांचा जीव परतीच्या पावसावर टांगलेला होता, कोवळ्या डिरांवर केवडा रोग येईल म्हणून.

मी त्यांना तीन दिवस काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "सव्वा गुंठा कसाय?" मी सांगितलं. काचेवर नख फिरवलं तेही सांगितलं. मला वाटलं ते समजूत घालतील, जाऊ दे म्हणतील. ते गप्प राहिले. मग विचारलं, "काय काय उरलंय?" मी म्हणाले, सगळं गेलं. "सगळं कधी जात नसतं," ते म्हणाले. "खाली बसून बघ."

मी खाली बसून बघितलं. भोपळ्याची वरची पानं काळी पडून एकमेकांवर बसली होती, आणि त्यांच्याखाली पाच फळं जशीच्या तशी होती. पानांनी छप्पर धरलं होतं. जी दोन फळं कुंपणाबाहेर डोकावली होती त्यांच्या सालीवर काचेसारखा डाग आला होता. ती टिकणार नव्हती, म्हणून त्याच आठवड्यात एकाची भाजी झाली आणि दुसऱ्याचे घारगे. बाकीची पाच देठासकट कापून आणली. आता ती जिन्याखाली आहेत, चांगली मुरली तर वसंतापर्यंत टिकतील. सफरचंदाच्या झाडाखालचं एक कॉर्जेट पूर्ण हिरवं होतं, डोक्यावर फांद्या होत्या म्हणून. ज्या शेंगा वेलीवर आधीच वाळल्या होत्या त्यांच्यातलं बी शाबूत निघालं, जांभळ्यावर काळे ठिपके असलेलं, हातात घेतलं तर नदीतल्या गोट्यांसारखं गुळगुळीत. आजोबांनी सांगितलं की रनर घेवड्याच्या मुळाशी गाठी असतात, त्या झाकून ठेवल्या तर पुढच्या वर्षी फुटतात. मी त्यांच्यावर पालापाचोळा टाकला. हिरव्या टोमॅटोंची तीळ आणि शेंगदाणे घालून चटणी केली, डबाभर आजोबांनाही दिली. आणि शेडच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून झेंडूची चार झाडं जिवंत होती. लाकडी भिंतीनं आणि तिच्या पुढं आलेल्या पत्र्यानं त्यांना तेवढं सांभाळलं होतं. चार झाडांवर मिळून एकोणीस कळ्या. मी मोजल्या.

आई फोनवर आली तेव्हा मी तिला विचारलं, गोधडीसाठी दिलेली तुझी पातळं वापरू का? आमच्याकडे साडीला अजून पातळच म्हणतात. धुऊन धुऊन मऊ झालेली चार सुती पातळं तिनं मागच्या खेपेला माझ्या बॅगेत घातली होती, सवड मिळाली की गोधडी शिव म्हणून. ती सवड मला मिळाली नव्हती. इथं बागेच्या दुकानात फ्लीस म्हणून पांढरं, हलकं कापड मिळतं, ते मी घेणारच होते. पण वेल्सचा तो रुमाल डोक्यातून जात नव्हता. आई म्हणाली, "झाडावर टाकायला? टाक की. फाटली तरी चालतील. फक्त ओली ठेवून देऊ नको, कुजतात."

वसुबारसेच्या आदल्या रात्री पुन्हा वारा पडला. या वेळी चंद्र नव्हता, पहाटे उगवणारी कोर होती फक्त. आभाळ इतकं स्वच्छ होतं की टेकडीवरून शहराच्या दिव्यांच्या वर थेट तारे सुरू होत होते. फोनवर ५ अंश होते. मी तो खिशात ठेवला, हातमोजा काढला आणि तळहात मातीवर टेकवला. नऊ वाजले होते. माती अजून पूर्ण गार नव्हती, पण गवत ओलं आणि बोचरं लागत होतं. दुपारीच झेंडूच्या बुंध्याशी पाणी घातलं होतं. चार काठ्या रोवल्या, पातळ दुहेरी करून वरून ताणलं, पाकळ्यांना टेकू दिलं नाही, कडा खाली सोडून विटा ठेवल्या. हिरवं पातळ होतं, बारीक पांढऱ्या फुल्यांचं. आई ते नेसून शाळेत माझ्यासाठी सही करायला यायची. कॉर्जेटवर दुसरं टाकलं.

शेडमध्ये दिवा लावून बसले. आजोबांची शेड बंद होती, त्यांचे पडदे त्यांनी दुपारीच टाकले होते. बारापर्यंत बसले, मग घरी जाऊन चार तास झोपले आणि पाचला परत आले. त्या मधल्या वेळात करण्यासारखं काहीच नव्हतं. शेकोटी पेटवायची परवानगी रात्री इथं नाही, आणि एवढ्याशा तुकड्यात तिचा उपयोगही नाही. तरी मला तिथं असायचं होतं. किटलीऐवजी थर्मास होता. अंधारात कुठंतरी घुबड बोलत होतं आणि खाली नदीचा आवाज येत होता, दिवसा तो कधी ऐकू येत नाही.

साडेसातला उजाडलं तेव्हा कुंपणापाशी पुन्हा पांढरं होतं, कोजागरीपेक्षा जास्त. पातळ पापडासारखं कडक झालं होतं. बोटानं टकटक केलं तर आवाज आला. आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दुपारचं बारा वाजून गेले होते, ते बागेतच होते, मागं नुकत्याच छाटलेल्या ओळी दिसत होत्या. मी फोन पातळाकडे धरला.

"उचलू नको," ते म्हणाले. "कडेनं हात घालून बघ आत."

मी वीट बाजूला केली, बाही वर सरकवली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पानं ओली होती, मऊ होती. एक कळी बोटांना लागली. मी हात मातीवर टेकवला.

"हाय का ऊब?"

"आहे."

"मग राहू दे तसंच. ऊन चांगलं चढेपर्यंत काढू नको."